चाळणीच्या होडीचा कवि : एडवर्ड लियर

चाळणींत पाणी ठरत नाहीं हें आपणांस ठाऊक आहे. मग चाळणीचीच होडी करून भर वादळांत समुद्रावर निघणाऱ्या माणसांस आपण काय म्हणाल? ‘जंबली’ नांवाच्या अशा चिमुकल्या माणसांची कविता एडवर्ड लियर या इंग्रज चित्रकारानें लिहिली आणि तिचें चित्रहि स्वतःच काढलें. १८७१ सालच्या त्याच्या पुस्तकांत ती आहे. तीं बुडणार असें तीरावरील सारे स्नेही बजावतात. तरी तीं निघतात, आंत शिरणाऱ्या पाण्यावर कांहीं हास्यास्पद उपाय योजतात आणि वीस वर्षांनीं सुखरूप परततात. तेव्हां तेच स्नेही आपणहि जावें असें म्हणूं लागतात. टीकाकार या कवितेचे गूढार्थ शोधीत बसतात. मुलांना त्यांची गरज भासत नाहीं. पण ती लिहिणारा मनुष्य जन्मभर भीतीच्या सहवासांत राहिला होता, हें मात्र सांगण्यासारखें आहे.

लियरचा जन्म १२ मे १८१२ रोजीं लंडनजवळील हॉलोवे येथें झाला. एकवीस भावंडांतला तो विसावा. वडिलांवर आर्थिक संकट ओढवल्यावर त्याचा सांभाळ त्याच्याहून एकवीस वर्षांनीं मोठ्या असलेल्या अ‍ॅन या बहिणीनें केला. पांचसहा वर्षांचा असतांनाच त्यास अपस्माराचे झटके येऊं लागले. त्या काळीं हा रोग लांच्छनास्पद समजला जाई. झटका येणार हें त्यास आधीं कळे. तो चटकन् चारचौघांतून उठून एकांतांत जाई. हें गुपित त्यानें जन्मभर जपलें. रोजनिशींत मात्र झटक्याच्या दिवशीं तो एक लहानशी फुली काढून ठेवी. शिवाय दृष्टि अधू, छातीला दम्याचा विकार, मनाला वारंवार येणारी खिन्नता आणि कुत्र्यांची विलक्षण धास्ती!

पंधराव्या वर्षापासून तो चित्रें काढून पोट भरूं लागला. पुढें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत जिवंत पोपटांसमोर बसून त्यानें त्यांचीं चित्रें काढलीं. १८३२ पर्यंत अशीं ४२ चित्रें छापून निघालीं. तीं पाहून लॉर्ड स्टॅन्ले यांनीं त्यास नोज्ली येथील आपल्या घराण्याच्या वाड्यावर पशुपक्षी चितारण्यास बोलाविलें. तेथल्या मुलांना हसविण्यासाठीं रचलेल्या सचित्र पद्यांतूनच १८४६ चें त्याचें पहिलें विनोदी पुस्तक निघालें. त्याच वर्षीं व्हिक्टोरिया राणीला त्यानें चित्रकलेचे धडे दिले.

अशा प्रकृतीच्या मनुष्यानें खरें म्हणजे घरीं बसावें. लियर १८३७ सालीं रोमला गेला, १८४८ सालीं अल्बानियाच्या डोंगरांत हिंडला, आणि समुद्राचा मनस्वी तिटकारा असूनहि बोटींवर चढत राहिला. १८५६ पासून जॉर्जो कोकाली हा सेवक त्याच्या सोबतीस होता. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रूक यांच्या निमंत्रणावरून १८७२ सालीं तो हिंदुस्थानास निघाला, पण सुवेझहून परत फिरला. दुसरा कोणी तेथेंच थांबता. लियर पुढल्या वर्षीं, एकसष्टाव्या वर्षीं, पुन्हा निघाला आणि नोव्हेंबर १८७३ मध्यें मुंबईस उतरला. दार्जिलिंगहून त्यानें कांचनगंगा चितारली; १८७४ च्या पावसाळ्यांत कांहीं काळ पुण्यास मुक्काम केला. त्याच वर्षीं मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रांत त्याची एक गंमतीची कविता आली. तींत आपला साधा कमरबंद हा एक अक्राळविक्राळ प्राणी झाला आहे! आपले शब्द त्याच्या कानाला किती चमत्कारिक लागले असतील याची यावरून कल्पना येते.

जानेवारी १८७५ मध्यें तो परत गेला. उरलेलें आयुष्य इटलींतील सान रेमो येथें सरलें. १८८३ सालीं जॉर्जो वारला. १८८७ सालीं फॉस हें लाडकें मांजर गेलें. २९ जानेवारी १८८८ रोजीं लियरनेंहि देह ठेविला. त्याच्या थडग्याशेजारीं जॉर्जोची स्मारकशिला आहे. रोजनिशीच्या १८५८ पासूनच्या तीस वह्या मागें राहिल्या. त्या लहानशा फुल्यांचा अर्थ जगाला कळला तो त्यांवरून.