व्हाईसरॉय व्हायला निघालेला इनॉक पॉवेल एका भाषणाने ब्रिटनचं राजकारण फिरवून गेला

२३ एप्रिल १९६८. लंडनच्या गोदीतले कामगार काम बंद करून थेट पार्लमेंटवर धडकले. गोदी कामगार म्हणजे मजूर पक्षाची हक्काची मतं. पण त्या दिवशी ते आले होते हुजूर पक्षाच्या एका नेत्यासाठी. नाव, इनॉक पॉवेल.

पॉवेल १९१२ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मला. पोरगं इतकं हुशार की २५ व्या वर्षी सिडनीत ग्रीकचा प्राध्यापक झालं. दुसऱ्या महायुद्धात साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि ब्रिगेडियर होऊन बाहेर पडला. मधली काही वर्षं दिल्लीत गेली. तिथे गडी भारताच्या प्रेमातच पडला, उर्दू शिकला. व्हाईसरॉय व्हायचं त्याने मनावर घेतलं आणि त्यासाठी राजकारणाची वाट धरली. १९४७ ला ते स्वप्न संपलं. १९५० मध्ये तो वुल्वरहॅम्प्टनमधून खासदार झाला.

त्याला एका साच्यात बसवता येत नाही. केनियातल्या होला छावणीत ११ कैदी मारहाणीत मेले, तेव्हा १९५९ साली त्याने स्वतःच्याच सरकारला संसदेत धारेवर धरलं. समलैंगिकता गुन्हा राहू नये या बाजूनेही त्याने मत दिलं.

आणि तरी २० एप्रिल १९६८ चं भाषण त्याचंच.

तेव्हा वुल्वरहॅम्प्टनमध्ये पंजाब आणि कॅरिबियनमधून आलेली कुटुंबं स्थिरावत होती. घर आणि नोकरी देताना वंशावरून भेदभाव करायला बंदी घालणारं विधेयक संसदेत येणार होतं. पॉवेलने बर्मिंगहॅममध्ये त्याला कडाडून विरोध केला. स्थलांतर थांबवा, आलेल्यांना परत पाठवायला उत्तेजन द्या, नाहीतर रक्तपात होईल, असा त्याचा सूर होता. पगडीसाठी लढणाऱ्या शीख बस कर्मचाऱ्यांचा वादही त्याने ओढला. हे भाषण ‘रक्ताच्या नद्या’ म्हणून गाजलं, खरं तर हे शब्द त्यात नाहीतच.

पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी दुसऱ्याच दिवशी त्याची हकालपट्टी केली. पण गॅलपच्या पाहणीत ७४ टक्के लोक पॉवेलच्या बाजूने निघाले. पत्रांचे ढीग आले. आणि रस्त्यावर त्याचंच नाव घेऊन गोऱ्या नसलेल्या लोकांना शिव्या पडू लागल्या. किंमत त्यांनी मोजली.

शीख मात्र हटले नाहीत. १९६९ मध्ये वुल्वरहॅम्प्टनच्या बसमधली पगडीबंदी उठली.

तोवर ब्रिटनमध्ये मत ठरायचं ते मुख्यतः वर्गावरून. कामगार असाल तर मजूर पक्ष, मालक असाल तर हुजूर पक्ष. ओळख आणि संस्कृतीवरून दोन्ही पक्षांची मतं फुटू शकतात, हे पॉवेलने दाखवून दिलं. पुढे त्याने युरोपचा मुद्दा धरला. युरोपियन समुदायात जाणं म्हणजे संसदेचं सार्वभौमत्व विकणं, असं त्याचं मत होतं. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्याने हुजूर पक्षाची उमेदवारी नाकारली आणि लोकांना मजूर पक्षाला मत द्यायला सांगितलं! हीथ यांची सत्ता गेली.

त्यानंतर १९८७ पर्यंत तो उत्तर आयर्लंडमधून खासदार होता. १९९८ मध्ये वारला, ब्रिगेडियरच्या गणवेशात पुरला गेला.

२०१० साली त्याच्या जुन्या मतदारसंघातून हुजूर पक्षाचे पॉल उप्पल निवडून आले. उप्पल शीख. सहा वर्षांनी ब्रेक्झिटच्या सार्वमतात त्याच वुल्वरहॅम्प्टनने ६२ टक्क्यांहून जास्त मतं युरोपबाहेर पडण्याच्या बाजूने टाकली.