गांधर्वची परीक्षा देताना : पं. विष्णू दिगंबर पलुस्कर



आपल्याकडे देहूरोड, निगडी, तळेगाव भागात गाणं, तबला किंवा हार्मोनियम शिकणारी मुलं कधी ना कधी गांधर्वची परीक्षा देतात. प्रारंभिक, प्रवेशिका, मग जमलं तर विशारद. मागच्या वर्षी एका पालकांनी मला विचारलं, सर, हे गांधर्व म्हणजे बालगंधर्वांचं का? प्रश्न साधाच होता, पण तेव्हा मला दोन वाक्यांच्या पुढे नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा पाठ.

विष्णू दिगंबरांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड संस्थानात झाला. घराण्याचं मूळ आडनाव गाडगीळ. सांगलीकडच्या पलूस गावावरून पलुस्कर झालं. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. म्हणजे घरात गाणं होतं, पण ते कीर्तनातलं आणि बिदागीवर चालणारं. आपण देहूच्या शेजारी राहतो, तेव्हा बिदागी काय असते हे समजावून सांगायला नको. मिळाली तर मिळाली, नाही तर नारळ आणि प्रसाद!

लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ उडाला आणि विष्णूचे डोळे अधू झाले. उपचारासाठी मिरजेला नेलं, पण दृष्टी पूर्ववत झाली नाही. शाळेचं शिक्षण तिथंच थांबलं. बारीक अक्षर वाचणं जमणार नाही, तर गळा चांगला आहे, गाणं शिकवा, असा सल्ला मिळाला. मिरजेत तेव्हा पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली ती त्यांनीच. मिरजेच्या राजेसाहेबांनी मुलाची राहण्याजेवणाची सोय केली आणि शिक्षण सुरू झालं. बारा वर्षांच्या आसपास हा अभ्यास चालला. अधू दृष्टीच्या, ऐपत नसलेल्या मुलाला कोणीतरी दोन वेळचं जेवण आणि गुरू मिळवून दिला, म्हणून पुढचं सगळं घडलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दरबारात विष्णूला मान होता, राजाचा लाडका गवई म्हणून. पण गवयांकडे समाज कसा बघतो, हेही तो जवळून बघत होता. एका समारंभाचं बोलावणं त्याला आलं आणि त्याच्या गुरुजींना आलं नाही. गवयाला कसलं आमंत्रण द्यायचं, अशी वृत्ती होती. ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली असं सांगतात. 1896 मध्ये त्याने मिरज सोडली. आयती सोय सोडून चोविसाव्या वर्षी भटकंतीला निघाला म्हणा ना! सातारा, बडोदा, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली करत पंजाबात पोचला. वाटेत काठेवाडात त्याने एक नवीन गोष्ट केली. दरबाराऐवजी लोकांसमोर, तिकीट लावून मैफल. आज आपल्याला यात काही वाटणार नाही, पण त्या काळी गवई राजाचा तरी असायचा नाही तर देवाचा तरी. तिकीट काढून आलेल्या चार सामान्य माणसांचाही तो असू शकतो, ही कल्पनाच वेगळी होती.

5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. विद्यालय लोकवर्गणीवर, देणग्यांवर आणि स्वतःच्या मैफलींच्या पैशांवर चालवायचं ठरलं. संस्थानिकांची मदत आली तरी एका दरबाराच्या मर्जीवर सगळं अवलंबून राहायला नको, हा विचार. फी भरून शिकणारी मुलं तर हवीच होती. मुलींनाही शिकवायची सोय केली. पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे उपदेशक वर्ग. याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण शिक्षकांना आणि पालकांना यातच जास्त गोडी वाटेल.

उपदेशक वर्गात येणारी मुलं बहुतेक गरीब घरची. त्यांच्याकडून फी घ्यायची नाही. राहणं, जेवण, कपडे सगळं विद्यालयाचं. बदल्यात मुलाने नऊ वर्षं शिकायचं असा करार व्हायचा. शिस्त कडक, पहाटे उठून रियाज, नंतर विद्यालयाची कामं. यातूनच शिक्षक तयार व्हायचे आणि ते गावोगावी जाऊन वर्ग काढायचे. आजच्या भाषेत बघायचं तर ही पूर्ण खर्चाची शिष्यवृत्तीच, आणि शिकून झाल्यावर कामाची वाटही तयार. काहींना हा करार जाचक वाटला असेल, नऊ वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. पण ज्या घरात दोन वेळची भाकरी नाही, त्या घरातल्या मुलाला गाण्यासाठी नऊ वर्षं निवांत कोण देतं?

त्यासाठी पैसा कुठून कुठून आला बघा. विनायकराव पटवर्धन हा मिरजेचा मुलगा 1907 मध्ये, नऊ वर्षांचा असताना लाहोरला शिकायला गेला. त्याला शिष्यवृत्ती दिली मिरजेच्या राजेसाहेबांनी. ज्या दरबारातून विष्णू दिगंबर बाहेर पडले, त्याच दरबाराचा पैसा त्यांच्या शाळेतल्या मुलासाठी लाहोरला जाऊ लागला! दुसरं उदाहरण ओंकारनाथ ठाकूर यांचं. भडोचला अत्यंत गरिबीत वाढलेला मुलगा. स्वयंपाक्याच्या हाताखाली काम केलं, गिरणीत केलं, रामलीलेत केलं. शापूरजी डुंगाजी या पारशी शेठजींनी त्याचा आवाज हेरला आणि मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयात पाठवायची व्यवस्था केली. विशीच्या उंबरठ्यावर, 1916 मध्ये, हाच मुलगा लाहोरच्या विद्यालयाचा प्रमुख झाला. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचं शिक्षण उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

मुंबईची शाखा 1908 मध्ये निघाली. विद्यालयाचा स्वतःचा छापखाना होता, वाद्यं तयार आणि दुरुस्त करायचा कारखाना होता. त्यांनी स्वतःची स्वरलिपी बसवली आणि क्रमिक पुस्तकं छापली. ज्याला स्वतःला नीट दिसत नव्हतं त्याने इतरांसाठी गाणं कागदावर आणलं, हे मुलांना सांगितलं की ती नेहमी गप्प होऊन ऐकतात. 1918 पासून काही वर्षं संगीत परिषदाही भरवल्या. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. 1923 मध्ये काकिनाड्याला त्याला हरकत घेतली गेली, तरी ते थांबले नाहीत, पूर्ण गायले. रघुपती राघव राजाराम ही धून घरोघरी गेली तीही त्यांच्यामुळे.

आता वाईट भाग. मुंबईत विद्यालयासाठी सँडहर्स्ट रोड भागात मोठी इमारत बांधली ती कर्ज काढून. वसतिगृहातली मुलं फुकट जेवत होती, व्याज मात्र फुकट नव्हतं. पंडितजी गावोगावी मैफली करून पैसे आणत आणि ते कर्जात जात. शेवटी हप्ते थकले, आणि 1924 च्या सुमारास सावकारांनी इमारतीचा लिलाव केला. ज्या माणसाने शेकडो मुलांना आसरा दिला, त्याच्या संस्थेच्या डोक्यावर छप्पर राहिलं नाही.

इथे मला त्यांचं चुकलं असंही वाटतं. देणगीचा पैसा माणसांवर खर्च होत होता तोवर त्याचं फळ मिळत होतं. दगडविटांत अडकला तेव्हा तो बुडाला. पण हे शंभर वर्षांनंतर इथे बसून म्हणणं सोपं आहे. संस्था काढली की जागा लागतेच, आणि जागेला देणगी पुरत नाही, हे कुठल्याही शाळेच्या संचालकांना विचारा. आपल्याकडे कंपन्यांच्या निधीतून शाळेला संगणक मिळतात, बाकं मिळतात. तबला शिकवणाऱ्या माणसाचा वर्षाचा पगार मागून बघा! लॉकडाऊनमध्ये कार्यक्रम बंद पडले तेव्हा लोकलने या गावाहून त्या गावी जाऊन शिकवण्या घेणाऱ्या कलाकारांचं काय झालं, ते आपण बघितलंच आहे. महिन्याचा पगार नाही, सुट्टी नाही, पीएफ नाही. पलुस्करांच्या काळी दरबाराबाहेरच्या गवयाची गत याहून काही वेगळी नव्हती.

लिलावानंतर ते नाशिकला राहिले. तिथे रामनाम आधार आश्रम होता. रामायण, भजन आणि सोबत असलेले शिष्य, एवढाच संसार. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. गाण्याची सुरुवात जिथे झाली तिथेच.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शिष्य अहमदाबादला जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आपली मुलं परीक्षा देतात ती या मंडळाची. पुढच्या मे महिन्यात विनायकरावांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. 1973 मध्ये सरकारने पंडितजींचं टपाल तिकीटही काढलं.

राहता राहिला एक मुलगा. पंडितजींच्या बारा मुलांपैकी एकटा दत्तात्रय जगला, आणि वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. मागे ना इमारत होती ना पैसा. वडिलांनी ज्यांना जेवू घालून शिकवलं होतं, त्या विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्याला गाणं शिकवलं. 1935 मध्ये, चौदाव्या वर्षी, तो जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायला बसला. तिथे पूर्वी त्याचे वडील गात असत. पुढे लोक त्याला पं. द. वि. पलुस्कर म्हणून ओळखू लागले.