चोविसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी : कुंभार बर्नार्ड लीच

मागील पालक सभेत मातीकामाच्या तासावरून बरीच चर्चा झाली. आठवड्यातला एक तास चिखलात घालवून मुलांच्या हाती काय लागणार, असे काही पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. आम्ही काही या कलेतले जाणकार नाही. परंतु स्वतः शिक्षक म्हणून परदेशी गेलेला एक मनुष्य तेथे मातीपुढे विद्यार्थी होऊन बसला आणि पुढे त्याने अनेकांना कुंभारकाम शिकवले, त्या बर्नार्ड लीच यांचे चरित्र या निमित्ताने सांगावेसे वाटते.

लीच इंग्रज होते, पण जन्म हाँगकाँगचा, ५ जानेवारी १८८७ चा. जन्माच्या वेळीच आई वारली. पहिली काही वर्षे जपानमध्ये आजी-आजोबांकडे गेली आणि दहाव्या वर्षी त्यांना इंग्लंडच्या शाळेत धाडण्यात आले. सोळाव्या वर्षी ते लंडनच्या स्लेड कलाशाळेत दाखल झाले. वडिलांची इच्छा मात्र मुलाने बँकेत नोकरी करावी अशी होती. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांचा शब्द राखण्यासाठी लीच यांनी काही महिने बँकेत खर्डेघाशी केलीही, पण जीव रमेना. (आमच्या पालकांपैकी पुष्कळांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.) मग ते तांब्याच्या पत्र्यावर तेजाबाने चित्र उमटवून छापण्याची कला शिकले आणि छापयंत्र सोबत घेऊन १९०९ साली जपानला गेले. तेथील लोकांना ही कला शिकवावी, असा बेत होता.

फेब्रुवारी १९११ मध्ये टोकियोत मित्रमंडळींची एक बैठक जमली. पाहुण्यांच्या हाती कच्च्या भाजलेल्या कोऱ्या बश्या आणि कुंचले देण्यात आले. ज्याने त्याने आपापले चित्र रंगवले. मग त्या बश्या झिलईच्या द्रावात बुडवून शेजारच्याच लहानशा तापलेल्या भट्टीत ठेवल्या. तासाभरात चिमट्याने बाहेर काढल्या तेव्हा त्या निखाऱ्यासारख्या लाल होत्या, आणि निवता निवता त्यांवर रंग उमलू लागले. लीच पाहतच राहिले. आपल्याला हेच काम करायचे आहे, हे त्यांना त्या संध्याकाळी कळून चुकले.

आता गुरू हवा. शोध घेता एक वृद्ध व गरीब कुंभार सापडले. प्रसिद्ध केनझान परंपरेतले ते सहावे. लीच त्यांच्याकडे जाऊ लागले. मित्र तोमिमोतो दुभाष्या म्हणून सोबत असत. म्हातारबुवांनी शिष्याच्या बागेत भट्टी बांधून दिली, झिलईचे आपले नुस्खे दिले आणि शेवटी लीच व तोमिमोतो या दोघांनाही सातव्या पिढीचा वारसा लेखी देऊन टाकला. ग्वाल्हेर घराण्याची परंपरा जाणणाऱ्या आपल्या मंडळींना या देण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

१९१९ मध्ये आबिको गावातील त्यांची कार्यशाळा आगीत जळाली. मित्रांच्या मदतीने दुसरी उभी राहिली. १९२० मध्ये लीच तरुण कुंभार शोजी हमादा यांना घेऊन इंग्लंडच्या टोकाला, कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज या गावी आले. तेथे दोघांनी उतारावर चढत जाणारी जपानी पद्धतीची भट्टी बांधली. पाश्चात्य देशांतली ती अशी पहिलीच. पण त्या उघड्या माळाच्या मुलखात लाकूड मिळणे कठीण. भट्टीही नीट साधली नाही. शेवटी मात्सुबायाशी नावाच्या जपानी जाणकाराकडून ती १९२३ च्या सुमारास नव्याने बांधून घ्यावी लागली. हमादा मायदेशी परतले, पण तोवर विद्यार्थी येऊ लागले होते. पहिल्यांपैकी मायकेल कार्ड्यू. त्यांनी पुढे घाना आणि नायजेरियात कुंभारकाम शिकवले.

पैशाची ओढाताण मात्र संपेना. या काळात मदतीला आले एल्महर्स्ट दांपत्य. त्यातले लिओनार्ड एल्महर्स्ट म्हणजे रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनाचे पहिले संचालक. त्यांच्या साहाय्याने लीच १९३४ मध्ये पुन्हा जपानला जाऊन आले. इकडे मुलगा डेव्हिड कारखान्यांच्या मुलखात जाऊन कुंभारकामाचे तांत्रिक शिक्षण घेऊ लागला. वडिलांना हे रुचले नव्हते. हाताच्या कलेत यंत्रशाळेचे काय काम, असा त्यांचा ग्रह. आमच्या मते येथे मुलाचे बरोबर होते. त्याने परत येऊन कार्यशाळेची घडी बसवली, गावातली मुले उमेदवार म्हणून घेतली आणि रोजच्या वापराची वाडगी, थाळ्या, सुरया ठरलेल्या मापात बनू लागल्या. त्या विक्रीवर शाळा तगली.

१९४० मध्ये लीच यांचा कुंभारकामावरील ग्रंथ निघाला. कुंभारांच्या दोन-तीन पिढ्या त्यावर शिकल्या. १९४१ च्या जानेवारीत जर्मन बाँबने कार्यशाळेची मोडतोड झाली. तीही पुन्हा उभी केली. उतारवयात दृष्टी गेली, चाक सुटले, तरी लेखन चालू राहिले. ६ मे १९७९ रोजी सेंट आइव्हज येथेच त्यांचे निधन झाले. ती जुनी भट्टी तेथे जतन केलेली आहे, आणि २००८ मध्ये नूतनीकरण झाल्यापासून तेथे पुन्हा शिकाऊ कुंभार काम करीत आहेत.

आपल्या देशाचाही या मंडळाशी धागा आहे. सरदार गुरचरण सिंग हे १९१९ मध्ये जपानला शिकण्यास गेले, तेथे लीच व त्यांच्या मित्रांच्या परिचयात आले, आणि पुढे दिल्लीत त्यांनी निळ्या झिलईच्या भांड्यांची आपली कार्यशाळा चालवून अनेकांना शिकवले.

न्यासी मंडळाने मातीकामाच्या तासास पहिल्या सत्रापुरती संमती दिली आहे. कुम्हारखाडीतील एक वयोवृद्ध कुंभारदादा शिकवण्यास येतील. आमचेही नाव आम्ही विद्यार्थ्यांच्या यादीत घातले आहे. पालकांनी शनिवारी मुलांबरोबर एक जुना सदरा अवश्य पाठवावा.