वाटाण्याचं रोप आणि आगकाड्यांची मौज

मैत्रिणींनो, दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला काय आठवतं? ‘राजा हरिश्चंद्र’ आणि त्यांच्या नावाचा तो मोठा पुरस्कार. आमच्या छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो, तेव्हाही बोलता बोलता हे नाव निघतंच. पण घरात मुलं दिवसभर जी कार्टून बघत बसतात ना, त्या हलत्या चित्रांच्या करामतीची आपल्याकडची सुरुवातही याच माणसाने केली, हे फार थोड्यांना माहीत असतं. आणि ती सुरुवात झाली ती कुंडीत पेरलेल्या वाटाण्यापासून!

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, सगळं करून बघितलं. ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे खेळही केले. (फाळके उलटं वाचा, म्हणजे केळफा!) गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला, तिथे प्लेगच्या साथीत पहिली बायको आणि मूल गेलं. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. करंदीकरांची मुलगी फाळक्यांच्या घरात सरस्वतीबाई झाली. मला तर फाळक्यांची खरी गोष्ट इथूनच सुरू होते असं वाटतं.

पुरातत्त्व खात्यातली नोकरी त्यांनी सोडली. छपाईचा धंदा चांगला चालला होता, तोही भागीदारांशी बिनसल्यावर सोडून दिला. १९११ मध्ये गिरगावात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि डोक्यात एकच घेतलं, आपले राम-कृष्ण असे पडद्यावर चालले-बोलले पाहिजेत. मग काय, रोज सिनेमे बघायचे आणि रात्रभर जागून प्रयोग करायचे. इतके, की काही दिवस डोळ्यांना दिसेनासं झालं. पदरात मुलं, कमाई नाही आणि नवऱ्याची ही अवस्था. आपल्यापैकी कितीजणी गप्प बसल्या असत्या, सांगा बरं!

दृष्टी परत आली आणि स्वारी विम्याची पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला निघाली. पंधराएक दिवसांत तिथली तंत्रं समजून घेतली, कॅमेऱ्याची ऑर्डर दिली आणि परत. पण सिनेमाला पैसे कोण देणार? म्हणून मग वाटाणा. कुंडीसमोर कॅमेरा एका जागी पक्का बसवायचा आणि रोज थोडंथोडं चित्रण करायचं. असं महिनाभर. पडद्यावर मात्र कोंब फुटला, वर आला, वेल वाढली, सगळं मिनिटाभरात! ती फिल्म बघून पैसे लावणारे पुढे आले. तरीही पुरेनात, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले.

त्यानंतरचं तर विचारूच नका. दादरला राहत्या घरीच कारखाना सुरू झाला. तेव्हा कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसायची. ती अंधारात, हाताने यंत्र फिरवून पाडावी लागत. उजेडाची तिरीप आली की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुण्याची रसायनं कालवायला शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून तासन् तास उभ्या राहिल्या, नटांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक? तोही त्यांच्याकडेच! फिल्मची भोकं पाडायची ती रात्री, सगळं आवरल्यावर.

तारामतीचं काम करायला कुणी बाई मिळेना. कोठ्यावरच्या बायकांनीही नकार दिला. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. सहा महिने सत्तावीस दिवस खपून झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई, या मायलेकी पडद्यावर आल्या.

आणि आगकाड्या? १९१५ च्या सुमारास फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाची छोटी फिल्म केली. काड्या आपोआप हलतात, आकार घेतात. युक्ती वाटाण्याचीच, पण इथे काडी स्वतःच्या हाताने सरकवायची. केसभर सरकवा, एक चित्र घ्या, पुन्हा सरकवा. तेव्हाच्या मूकपटात सेकंदाला साधारण सोळा चित्रं लागत. म्हणजे एका मिनिटाला नऊशे साठ! ती फिल्म आज बघायला मिळत नाही, याची मला फार चुटपुट लागते.

पुढे ‘लंकादहन’ने १९१७ मध्ये भरपूर पैसा दिला. साळुंके त्यात रामही होते आणि सीताही. १९१८ मध्ये नाशिकला भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. पण भागीदारांशी जमेना आणि दादासाहेब कुटुंबासह काशीला निघून गेले. परत आले, पण पूर्वीची घडी बसली नाही. हा माणूस कलेत जेवढा चिकाटीचा, तेवढाच व्यवहारात उतावळा. महिनाभर वाटाण्यासमोर बसणाऱ्याला भागीदारांसमोर थोडं बसता आलं असतं तर? माझं आपलं मत. त्याची झळ मात्र घरालाच लागायची.

बोलपट आले, काळ बदलला. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, १९३७ मध्ये, कोल्हापूरला ‘गंगावतरण’ केला, तो शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. हातात पैसा उरला नव्हता. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला. पहिला मिळाला एका बाईला, देविका राणींना. सरस्वतीबाई घराघरांत कळल्या त्या परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मुळे, २००९ नंतर. विभावरी देशपांडेने त्यांची भूमिका केलीय. बघितला नसेल तर जरूर बघा.

१९१९ चा ‘कालिया मर्दन’सुद्धा बराचसा शिल्लक आहे, मोबाइलवर मिळतो. त्यातला कृष्ण म्हणजे फाळक्यांची लेक मंदाकिनी. सुरुवातीला तिच्या इवल्याशा चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक दाखवलेत, ते मुलांना नक्की दाखवा. आणि सुट्टीत मुलं कंटाळली, तर जळलेल्या दहा-बारा काड्या टेबलावर मांडून द्या. मोबाइल डब्याला टेकवून घट्ट उभा करायचा, काडी जराशी सरकवायची, फोटो काढायचा. शंभरेक फोटो झाले की गॅलरीत भराभर पुढे सरकवून बघा म्हणावं. मध्ये कुणी टेबलाला धक्का दिला, की पुन्हा पहिल्यापासून!