ग्रंथकारांना एकत्र बोलावणारा न्यायाधीश

साहित्य संमेलनाचा मांडव पडला की मराठी माणसाला काही गोष्टी ठरलेल्याच वाटतात. सकाळची ग्रंथदिंडी, अध्यक्षांचे भाषण, पुस्तकांच्या गाळ्यांतली गर्दी, दुपारचे परिसंवाद आणि संध्याकाळी एखाद्या आवडत्या लेखकाची प्रकट मुलाखत. लेखकाने व्यासपीठावर बसावे, आपल्या पुस्तकामागची भूमिका सांगावी आणि समोरच्या वाचकाने त्याला आडवेतिडवे प्रश्न विचारावेत, हा प्रकार आता आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याचीही कुणीतरी कधीतरी सुरुवात केली असेल, हे सहसा ध्यानात येत नाही. २०२५ साली दिल्लीत भरलेले संमेलन ९८ वे होते. ही मोजणी जिथून सुरू होते, त्या १८७८ च्या पुण्यातील मेळाव्यामागे उभे होते ब्रिटिश सरकारच्या नोकरीतील एक न्यायाधीश, महादेव गोविंद रानडे.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाडचा. वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत असल्याने बालपण कोल्हापुरात गेले. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये आले, तेव्हा मुंबई विद्यापीठ नुकतेच जन्माला येत होते. त्या विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांत रानड्यांचे नाव आहे. १८६२ मध्ये बी.ए., त्यानंतर एम.ए. आणि १८६६ मध्ये एल्‌एल.बी. असा हा प्रवास झाला. वाचनाचा अतिरेक इतका की विद्यार्थिदशेतच डोळे बिघडले आणि ते दुखणे त्यांच्या सोबतीला जन्मभर राहिले. उत्तरायुष्यात पत्रे आणि वर्तमानपत्रे त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत. पुस्तकांसाठी डोळे गमावत गेलेल्या या माणसाने इतरांची पुस्तके वाचली जावीत याची चिंता वाहिली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

विद्यापीठातून बाहेर पडल्यावर काही काळ त्यांनी सरकारच्या भाषांतर खात्यात काम केले. मराठीत काय छापले जाते, कोणत्या विषयावर पुस्तके आहेत आणि कोणत्या विषयावर नाहीत, याचे चित्र त्यांच्यासमोर होते. शालेय पुस्तके, भाषांतरे, पोथ्या आणि जुनी काव्ये यांपलीकडे मराठी ग्रंथसृष्टी फारशी गेलेली नव्हती. कादंबरी हा प्रकार बाल्यावस्थेत होता. लेखक गावोगाव विखुरलेले, एकमेकांना अपरिचित. पुस्तक छापण्याचा खर्च बहुधा लेखकाच्याच अंगावर पडे आणि विकत घेणारा वाचक मूठभर. अशा स्थितीत लेखकांनी एकमेकांना भेटणे ही हौस नव्हती, ती गरज होती.

१८७१ मध्ये रानडे पुण्यात न्यायाधीश म्हणून आले आणि शहराच्या सार्वजनिक जीवनाला निराळीच गती आली. गणेश वासुदेव जोशी अर्थात सार्वजनिक काका यांनी १८७० मध्ये स्थापन केलेल्या सार्वजनिक सभेला त्यांच्या अभ्यासाचे बळ मिळाले. १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्वानांनी लोकांसमोर उभे राहून आपला विषय मांडावा आणि श्रोत्यांनी तो ऐकून त्यावर विचार करावा, ही सवय पुण्याला लावण्यात त्यांचा मोठा वाटा होता. लोकांनी एकत्र बसून बोलावे, मतभेद असले तरी बोलणे थांबवू नये, हे रानड्यांच्या स्वभावाचे मूळ सूत्र होते. त्यांनी हातभार लावलेल्या बहुतेक संस्थांत ते दिसून येते.

ग्रंथकारांना एकत्र आणण्याची कल्पना याच सूत्रातून आली. या कामी त्यांना जोड मिळाली ती लोकहितवादी गोपाळ हरि देशमुखांची. १८४८ पासून प्रभाकर पत्रातून शतपत्रे लिहून समाजाला खडबडून जागे करणारे लोकहितवादी रानड्यांहून १९ वर्षांनी वडील, तेही न्यायखात्यातलेच. ७ फेब्रुवारी १८७८ च्या ज्ञानप्रकाशात या दोघांचे आवाहन प्रसिद्ध झाले. मराठी ग्रंथकारांनी एके ठिकाणी जमावे, परस्परांशी परिचय करून घ्यावा आणि ग्रंथप्रसाराला चालना कशी देता येईल याचा विचार करावा, असा त्याचा आशय होता.

काळ मात्र अशा बोलण्याला अनुकूल नव्हता. दख्खनमध्ये भीषण दुष्काळाने थैमान घातले होते. आवाहनानंतर महिना-सव्वा महिन्यातच, मार्च १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. देशी भाषेत लिहिणे हाच जणू संशयाचा विषय ठरला होता. अशा वेळी सरकारी वेतन घेणाऱ्या दोन अधिकाऱ्यांनी देशी भाषेतील लेखकांना एकत्र बोलावणे यात केवढे धारिष्ट होते, हे आज दीडशे वर्षांच्या अंतरावरून चटकन जाणवत नाही. तरीही ११ मे १८७८ रोजी पुण्यातील हिराबागेत मराठी ग्रंथकारांचा पहिला मेळावा भरला. अध्यक्षस्थानी रानडे होते. मराठी साहित्य संमेलनाची वंशावळ या दिवसापासून मांडली जाते.

त्याच वर्षी त्यांची नाशिकला बदली झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार हादरले. पुण्यातील बुद्धिमंतांकडे, विशेषतः रानड्यांकडे, अधिकाऱ्यांची नजर वळली. त्यांना धुळ्याला पाठवण्यात आले आणि काही काळ त्यांची टपालातील पत्रे फोडून वाचली जात होती. रानड्यांनी आरडाओरडा केला नाही की हातचे काम सोडले नाही. यथावकाश संशय फिटला आणि १८८१ मध्ये ते मुंबईत मॅजिस्ट्रेट झाले. पुढे ते पुन्हा पुण्यात आले.

दुसऱ्या मेळाव्यासाठी १८८५ साल उजाडावे लागले. २४ मे १८८५ रोजी पुण्यात सार्वजनिक सभेच्या जागेत तो भरला आणि कृष्णशास्त्री राजवाडे त्याचे अध्यक्ष झाले. पण इतिहासाने या मेळाव्याची आठवण ठेवली आहे ती तिथे न आलेल्या एका लेखकामुळे. रानड्यांनी जोतीराव फुल्यांनाही निमंत्रण धाडले होते. दोघे एकमेकांना अनोळखी नव्हते. १८७५ मध्ये स्वामी दयानंदांची पुण्यात मिरवणूक निघाली, तेव्हा विरोधकांच्या दंगलीला तोंड देण्यासाठी जोतीराव आपल्या अनुयायांसह रानड्यांच्या मदतीला धावून गेले होते. रस्त्यावर बरोबर चाललेले हे दोघे ग्रंथकारांच्या सभेत मात्र एकत्र आले नाहीत.

जोतीरावांनी निमंत्रण नाकारणारे पत्र लिहिले आणि ते जून १८८५ मध्ये ज्ञानोदयात छापून आले. ज्यांच्या पूर्वजांनी शूद्रातिशूद्रांचे मानवी हक्क हिरावून घेतले आणि जे आजही ते मनापासून द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी व पुस्तकांशी आपला मेळ बसणार नाही. वरच्या जागी बसून केवळ कल्पनेने लिहिणाऱ्यांना आमच्या यातना कळायच्या नाहीत, आमची वाट आम्हीच शोधू, असा त्याचा रोख होता. गुलामगिरी आणि शेतकऱ्याचा असूड लिहिणाऱ्या लेखकाचा हा नकार म्हणजे व्यक्तिगत रुसवा नव्हता. लेखकांच्या संवादात कोणाचा आवाज धरला जातो आणि कोणाचा जमेसही धरला जात नाही, हा मूळ प्रश्न त्यांनी दुसऱ्याच मेळाव्याच्या उंबरठ्यावर उभा केला. त्याच वर्षी इशारा या पुस्तिकेतून त्यांनी शेतकऱ्यांच्या स्थितीविषयीच्या रानड्यांच्या मतांचाही परखड समाचार घेतला.

या प्रसंगात रानड्यांना दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे, आणि त्यांच्या मोठेपणाआड तो नकार झाकणे त्याहून सोपे. वस्तुस्थिती अशी की रानड्यांनी दार उघडले होते. पण आत मांडलेल्या बैठकीत सर्वांना सारखी जागा आहे, असा विश्वास ते देऊ शकले नाहीत. त्यांच्या सुधारणेची मर्यादा घरातही दिसली होती. विधवाविवाहाचा कैवार घेणाऱ्या या सुधारकाने १८७३ मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्याबद्दल झालेली टीका त्यांनी सोसली. पण त्याच मुलीला, रमाबाईंना, घरातल्या विरोधाची पर्वा न करता त्यांनी लिहायला-वाचायला शिकवले. चालीरीतींशी उघड भांडण टाळायचे आणि धीराने पुढचे पाऊल टाकत राहायचे, ही त्यांची पद्धत. जोतीरावांना ती पुरेशी वाटली नाही, यात नवल ते काय?

पुढे १८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. अर्थशास्त्रावरील निबंध आणि मराठ्यांच्या सत्तेच्या उदयाचा इतिहास ही त्यांची गाजलेली पुस्तके मात्र इंग्रजीत आहेत. मराठी ग्रंथकारांना एकत्र आणणाऱ्याने स्वतः प्रामुख्याने इंग्रजीत लिहावे, ही विसंगती खरी. पण मराठीचा पाठपुरावा त्यांनी सोडला नाही. विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत देशी भाषांना स्थान मिळावे यासाठी ते अखेरपर्यंत झगडले. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

तिसरे ग्रंथकार संमेलन पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. दुसऱ्यानंतर वीस वर्षांचा खंड पडला आणि ते १९०५ मध्ये साताऱ्यात भरले. १९०६ च्या पुण्याच्या संमेलनात महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना झाली आणि हिराबागेतल्या त्या लहानशा मेळाव्याला कायमचे घर मिळाले. जोतीरावांनी विचारलेला प्रश्नही विरून गेला नाही. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, १९९९ मध्ये धारावीत विद्रोही साहित्य संमेलन उभे राहिले. मुख्य मांडवाबाहेर उभ्या राहिलेल्या या मांडवांच्या मुळाशी १८८५ चे ते पत्र आहे.

१९१० मध्ये रमाबाईंनी आपल्या आयुष्यातील आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठीतील स्त्रियांच्या आत्मकथनांत ते अग्रभागी मानले जाते. ग्रंथकारांच्या सभा भरवणाऱ्या न्यायमूर्तींच्या घरात, पाटीवर अक्षरे गिरवत सुरुवात केलेली एक ग्रंथकार घडत होती. न्यायमूर्तींचे घरगुती रूप आज आपल्याला माहीत आहे ते मुख्यतः तिच्यामुळे. पुढच्या वेळी संमेलनाच्या मांडवात एखाद्या लेखकाशी रंगलेल्या गप्पा ऐकताना हिराबागेतल्या त्या दिवसाची आठवण जरूर व्हावी. आणि त्याबरोबर, आज कोणाला निमंत्रण गेले नाही आणि ज्यांना गेले त्यांतले कोण आले नाही, हेही एकदा वळून पाहावे.