सगळे म्हणत होते निवडणूक फसणार, सुकुमार सेन मात्र मतपेट्यांचा हिशोब मांडत बसले होते

निवडणूक तोंडावर आली की आपल्याकडे दोनच गट उरतात. एक म्हणतो, आता या देशाचं काही खरं नाही. दुसरा म्हणतो, बघत राहा, पाच वर्षांत देश कुठल्या कुठे जातोय. फॅमिली ग्रुपवर सकाळी सकाळी यावरून जी जुंपते ती मतमोजणीपर्यंत चालूच राहते.

पण १९५१ साली वाद याच्याही एक पायरी मागे होता. कोण जिंकणार हा प्रश्न नंतरचा, मुळात भारतात निवडणूक पार पडेल का, यावरच लोकांना शंका होती. शंका घेणारे काही येरेगबाळे नव्हते. संस्थानं गेलेले राजे होते, वर्तमानपत्रांचे संपादक होते, इथे आयुष्य काढलेले इंग्रज अधिकारी होते.

आणि हे सगळं पार पाडायची जबाबदारी ज्या माणसावर होती त्याचं नाव सुकुमार सेन. भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. शेषन यांचं नाव घराघरात माहिती आहे, सेन मात्र स्पर्धा परीक्षेच्या एका मार्काच्या प्रश्नापुरते उरलेत.

आधी लोकांना शंका का होती ते बघू, कारण ती अगदीच हवेतली नव्हती.

फाळणी होऊन चार वर्षं झाली होती. लाखो निर्वासित अजून छावण्यांमध्ये होते. गांधीजींची हत्या झाली होती. काश्मीरचं भिजत घोंगडं होतं, तेलंगणात सशस्त्र लढा चालू होता आणि धान्य एवढं कमी होतं की अमेरिकेकडून गहू उधारीवर आणावा लागला. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता निघाली फक्त १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाचातल्या चार लोकांना स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं, आणि त्यांनी सरकार निवडायचं होतं.

इंग्रजांच्या काळात निवडणुका झाल्या होत्या, नाही असं नाही. पण १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मतदार होते साधारण ३ कोटी. शिक्षण, जमीन, कर असल्या अटी होत्या. आता २१ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत मिळणार होतं आणि यादी गेली १७ कोटी ६० लाखांवर. ब्रिटनने सगळ्या प्रौढांना समान मताधिकार द्यायला १९२८ पर्यंत वेळ घेतला. स्वित्झर्लंडमध्ये तर बायकांना देशपातळीवर मत मिळालं १९७१ ला. आपण हे एका फटक्यात करत होतो.

या सगळ्यात नेहरू होते एकदम आशावादी. त्यांना निवडणूक १९५१ च्या सुरुवातीलाच हवी होती.

इथे सेन यांची एन्ट्री होते.

सेन बंगालचे. कलकत्त्याचं प्रेसिडेन्सी कॉलेज, मग लंडन विद्यापीठ, तिथे गणितात सुवर्णपदक. १९२१ मध्ये ते आयसीएस झाले. पुढची बरीच वर्षं बंगालच्या जिल्ह्यांमध्ये न्यायाधीश म्हणून गेली. १९४७ ला ते पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले आणि मार्च १९५० मध्ये दिल्लीने त्यांना मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून बोलावून घेतलं.

गणित आणि न्यायालय, या दोन्ही ठिकाणी अंदाजपंचे चालत नाही. पंतप्रधानांना घाई असताना सेन यांनी थांबायला सांगितलं. नव्या देशात, नव्या पदावर, नेहरूंसारख्या माणसाला थांबा म्हणणं सोपं नसणार. पण नेहरू थांबले. निवडणूक १९५१ च्या शेवटी ढकलली गेली.

एक गोष्ट इथेच सांगून टाकू, नाहीतर सगळं श्रेय एकाच माणसाला दिल्यासारखं होईल. मतदार याद्यांचं काम सेन यायच्या आधीच सुरू झालं होतं. संविधान सभेचं सचिवालय घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांच्या देखरेखीखाली त्यावर राबत होतं. घर सोडून आलेल्या निर्वासितांना यादीत कसं घ्यायचं, हा गुंता तेव्हाच सोडवायला घेतला होता. निवडणुकीचे कायदे संसदेत मांडले ते कायदामंत्री डॉ. आंबेडकरांनी. सेन यांना कोरी पाटी मिळाली नव्हती. पण यादी आणि कायदा हातात असणं वेगळं आणि डोंगरातल्या माणसाचं मत पेटीत पडणं वेगळं.

आता मुख्य अडचण बघा. ज्याला वाचता येत नाही त्याने मत द्यायचं कसं?

उत्तर होतं चिन्ह. रोजच्या पाहण्यातलं, एका नजरेत ओळखू येणारं. काँग्रेसला बैलजोडी, समाजवाद्यांना झाड, जनसंघाला दिवा, शेड्युल्ड कास्ट फेडरेशनला हत्ती. गंमत म्हणजे आज काँग्रेसचा म्हणून माहीत असलेला हात तेव्हा नागपूरचे कामगार नेते रुईकर यांच्या फॉरवर्ड ब्लॉक गटाकडे होता.

पण कागदावर चिन्हं छापून शिक्का मारायला सांगितलं तर शिक्का भलतीकडेच पडायची भीती. म्हणून सेन यांनी दुसरी पद्धत घेतली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. मतदाराने आडोशाला जायचं आणि कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. लिहायचं काही नाही, शिक्का नाही, काही नाही. या मतपत्रिका एक रुपयाच्या नोटेएवढ्या होत्या आणि छापल्या होत्या आपल्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये.

आता प्रत्येक उमेदवाराला वेगळी पेटी म्हटल्यावर पेट्या किती लागतील? लोकसभा आणि विधानसभा एकत्र, मतदान केंद्रं २ लाख २४ हजार. हिशोब गेला २० लाखांच्या पुढे. त्यासाठी पोलाद लागलं ८,२०० टन.

यातल्या लाखो पेट्या मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनल्या, साधारण पाच रुपयाला एक या भावाने. बाहेरून कुलूप लावायचं तर खर्च वाढत होता, म्हणून बंद करायची यंत्रणा पेटीच्या आतच बसवली गेली. दिवसाला हजारो पेट्या बाहेर पडायच्या.

याद्या टाइप करायला १६,५०० कारकून सहा महिन्यांच्या करारावर घेतले. छपाईला ३ लाख ८० हजार रीम कागद लागला. दोनदा मत देणाऱ्याला पकडायला बोटावर न पुसणारी शाई आली. (म्हैसूरची ती प्रसिद्ध शाई १९६२ पासूनची, तेव्हाची नाही.) मत म्हणजे काय हे समजावणारी फिल्म देशभरातल्या सिनेमागृहांमध्ये दाखवली, रेडिओवरून सांगितलं, आधी रंगीत तालमीही घेतल्या.

आणि मग आला तो निर्णय, ज्यावर आजही वाद घालता येईल.

यादी करायला अधिकारी दारात गेले तेव्हा उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य भारत या भागांत असंख्य बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. परक्या माणसाला नाव सांगायचं नाही ही रीत. त्यामुळे यादीत नोंदी आल्या अमक्याची आई, तमक्याची बायको. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागायचा, तिकडे स्वतःच्याच नावाची अडचण.

सेन यांनी या नोंदी स्वीकारल्या नाहीत. मत व्यक्तीचं असतं, तर यादीतही व्यक्तीचंच नाव हवं, ही त्यांची भूमिका. बिहारला एक महिन्याची मुदत वाढवून दिली आणि तिथे बऱ्याच बायकांनी नावं दिलीही. तरीही शेवटी सुमारे २८ लाख बायका यादीतून बाहेर गेल्या. एकूण महिला मतदार होत्या ८ कोटींच्या घरात.

त्या बायकांचा दोष काय होता, असा प्रश्न पडतोच. पहिल्याच निवडणुकीत त्यांचं मत गेलं. पण तेव्हा अमक्याची आई चालवून घेतली असती, तर पुढची कित्येक वर्षं ती तशीच राहिली असती असं मला वाटतं. यावर झालेली ओरड बरी आहे, पुढच्या वेळी बायका नाव सांगतील, असा सेन यांचा होरा होता. पुढच्या निवडणुकीपर्यंत चित्र बरंच सुधारलंही.

मतदान सुरू झालं २५ ऑक्टोबर १९५१ ला. पहिलं मत पडलं हिमाचलच्या चिनी तालुक्यात, कारण पुढे बर्फ पडून रस्ते बंद झाले असते. बाकी देशात मतदान चाललं फेब्रुवारी १९५२ पर्यंत. तोवर चिनीचे लोक निकालाची वाट बघत बसले. काही गावांसाठी नद्यांवर पूल बांधावे लागले, बेटांवर सामान न्यायला नौदलाची जहाजं लागली. कामाला ५६,००० केंद्राध्यक्ष, त्यांच्या मदतीला २ लाख ८० हजार माणसं आणि सोबत २ लाख २४ हजार पोलीस.

लोकसभेला मतदान झालं ४५ टक्क्यांच्या थोडं वर. आज हा आकडा कमी वाटेल, पण तिकडे केरळात कोट्टायमला ८० टक्के लोक बाहेर पडले होते. मोठी दंगल नाही, गोंधळ नाही. ऑक्टोबरमध्येच दिल्लीत आलेले अमेरिकेचे राजदूत चेस्टर बोल्स स्वतः धास्तावलेले होते, पण मतदान बघून त्यांचं मत बदललं आणि त्यांनी ते उघडपणे मान्य केलं.

काँग्रेसने ४८९ पैकी ३६४ जागा जिंकल्या. पण लोक नुसतं बैलजोडी बघून मत टाकत नव्हते. मुंबई राज्याचे गृहमंत्री मोरारजी देसाई विधानसभेला अगदी थोडक्या मतांनी पडले. आचार्य कृपलानी पडले. आणि उत्तर मुंबईतून खुद्द डॉ. आंबेडकर पडले, काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून.

बाबासाहेबांचा पराभव इथे महत्त्वाचा आहे, कारण देशाच्या भवितव्याबद्दल त्यांनाही शंका होती. फक्त त्यांची शंका राजेमहाराजांच्या बरोबर उलट होती. राजांना वाटायचं, अडाणी माणसाला मत कशाला? बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत बजावलं होतं ते हे, की मत सगळ्यांना सारखं दिलं तरी समाजात आणि पैशात विषमता तशीच ठेवली तर हा डोलारा टिकणार नाही. पेट्या वेळेवर पोहोचवून या शंकेला उत्तर मिळत नव्हतं.

वर त्यांचा मतदारसंघ दोन सदस्यांचा होता, एक सर्वसाधारण जागा आणि एक राखीव. मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. आपल्याविरुद्ध मतं मुद्दाम बाद करायला लावली, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणाकडे गेले. ७४ हजारांहून जास्त मतं बाद झाली होती. याचिका फेटाळली गेली. दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ मध्ये कायद्यानेच संपले, पण तोवर बाबासाहेब हयात नव्हते.

इकडे सेन यांचं नाव देशाबाहेर पोहोचलं होतं. १९५३ मध्ये सुदानला पहिली निवडणूक घ्यायची होती. तिथे ब्रिटन आणि इजिप्त दोघांचा डोळा, दोघांचा एकमेकांवर विश्वास नाही. मग आंतरराष्ट्रीय निवडणूक आयोग बसवला आणि अध्यक्ष केलं सेन यांना. निवडणूक झाली, इजिप्तशी जवळीक असलेला पक्ष जिंकला, आणि त्याच पक्षाच्या सरकारने पुढे इजिप्तमध्ये जाण्याऐवजी स्वातंत्र्य निवडलं. १ जानेवारी १९५६ ला सुदान स्वतंत्र झाला. मधल्या काळात, १९५४ मध्ये, सेन यांना पद्मभूषण मिळालं.

१९५७ ची निवडणूकही त्यांनीच घेतली. महाराष्ट्राने त्यात संयुक्त महाराष्ट्र समितीला भरभरून मतं दिली, केरळात कम्युनिस्टांचं सरकार आलं. सेन यांनी पहिल्या निवडणुकीच्या पेट्या जपून ठेवल्या होत्या, त्यामुळे नव्या थोड्याच घ्याव्या लागल्या आणि ही निवडणूक पहिलीपेक्षा साधारण साडेचार कोटी रुपयांनी स्वस्तात झाली. त्याच वर्षी त्यांचे भाऊ अशोक कुमार सेन केंद्रात कायदामंत्री झाले. मुख्य निवडणूक आयुक्त आणि कायदामंत्री सख्खे भाऊ, आज असं झालं तर टीव्हीवर काय होईल याचा विचार करा.

डिसेंबर १९५८ मध्ये सेन निवृत्त झाले. १९६० मध्ये ते नव्या बर्दवान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि त्याच दशकाच्या सुरुवातीला वारले. आत्मचरित्र त्यांनी लिहिलं नाही. पहिल्या निवडणुकीचा आयोगाचा अहवाल आहे, १९५५ चा. पोलाद, कागद, माणसं, सगळ्याचा हिशोब ठेवलेला. किती शाई लागली तेसुद्धा: ३,८९,८१६ बाटल्या.