विश्लेषण : सिग्नलच्या पेटीला विजेपासून वाचवणारे मायकेल फॅरेडे

चौकातील सिग्नल चालवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा धातूच्या पेटीत का ठेवतात? ऊन-पाऊस अडवणे हे एक कारण. दुसरे कारण लंडनमधल्या एका लोहाराच्या मुलाच्या प्रयोगांत सापडते.

फॅरेडे कोण होते?

मायकेल फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा. घरची गरिबी, शिक्षण लिहिण्या-वाचण्यापुरते. १४व्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले. बांधणीला आलेली पुस्तके वाचता वाचता त्यांना विजेची गोडी लागली. १८१२ मध्ये शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची टिपणे त्यांनी बांधून डेव्ही यांनाच पाठवली. पुढच्याच वर्षी त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनिसाची नोकरी मिळाली.

धोका कशाचा?

१८३१ मध्ये फॅरेडे यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधले. चुंबकीय क्षेत्र बदलले की जवळच्या तारेत स्पर्शाविना वीज निर्माण होते. जनित्र याच तत्त्वावर चालते. पण जवळपास वीज कोसळली, तर याच तत्त्वाने सिग्नलच्या लांब केबलमध्ये क्षणार्धात मोठा विद्युतदाब तयार होतो. हाच ‘सर्ज’. तो नाजूक सर्किट जाळू शकतो.

पेटी काय करते?

१८३६ मध्ये फॅरेडे यांनी १२ फुटी चौकोनी खोलीवजा पिंजरा उभारला. लाकडी चौकटीला तांब्याची तार आणि धातूचा पातळ पत्रा लावला. यंत्राने बाहेरून प्रचंड विद्युतभार दिला आणि उपकरणे घेऊन ते स्वतः आत गेले. बाहेर ठिणग्या उडत होत्या, आत मात्र विजेचा मागमूस नव्हता. भार धातूच्या बाहेरच्या पृष्ठभागावरच राहतो, हे सिद्ध झाले. हाच ‘फॅरेडे पिंजरा’. सिग्नलची बंद धातूची पेटी त्याचेच छोटे रूप असून, ती रेडिओ लहरींचा अडथळाही बराच कमी करते.

मग यंत्रणा तरीही का जळते?

पेटीत बाहेरून केबल शिरतात आणि त्यांच्यासोबत सर्जही. म्हणून केबल आत येते तिथेच सर्ज प्रोटेक्टर बसवतात. तो जादा विद्युतप्रवाह जमिनीकडे वळवतो. पेटी आणि प्रोटेक्टर एकाच चांगल्या अर्थिंगला, शक्य तितक्या आखूड तारेने जोडावे लागतात. अर्थिंग गंजले किंवा तुटले, तर महागडा प्रोटेक्टरही कुचकामी ठरतो.

‘सर’ हा किताब नाकारणारे फॅरेडे २५ ऑगस्ट १८६७ रोजी निवर्तले. सर्ज का येतो आणि पेटी कशी वाचवते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांच्याच प्रयोगांत आहेत.